हाताला लागणारा डोंगर

कोलकात्यात आल्यावर पहिली काही वर्षं मी डोंगर हा विषय मनातून काढूनच टाकला होता. नवऱ्याची बदली सॉल्ट लेकमधल्या ऑफिसात झाली, कंपनीचं क्वार्टर मिळालं, मुलगी इथल्या शाळेत रुळली, आणि पुण्यातली माझी ड्राफ्टिंगची नोकरी पुण्यातच राहिली. हे शहर ताटासारखं सपाट. चढण म्हणून काही लागलंच तर ते उड्डाणपुलावर. लग्नाआधी रविवार उजाडला की बूट चढवून कुठल्यातरी किल्ल्याची वाट धरायची मला सवय होती. इथे रविवारी आम्ही पार्कात तळ्याभोवती फेऱ्या मारायचो आणि मुलीच्या हातात झालमुडीचा, म्हणजे इथल्या भेळेचा, पुडा देऊन घरी यायचो.

मग एकदा वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं सहज सांगितलं, की तिचा दीर बालीगंजच्या एका गिर्यारोहण क्लबात जातो. मला हसूच आलं. जिथे साधी टेकडी नाही तिथे गिर्यारोहण क्लब? पण चौकशी केली तेव्हा कळलं, की असे क्लब या शहरात गल्लोगल्ली आहेत. डोंगर लांब असल्यामुळे असेल, पण बंगाली माणसाला त्याची ओढ आपल्यापेक्षा जरा जास्तच. मी एका शनिवारी संध्याकाळी तिथे जाऊन बसले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. तळमजल्यावरची एक खोली, भिंतीला टांगलेले दोर, एक कॅरम बोर्ड आणि सतत येणारा चहा. मला नाव विचारायच्या आधीच सगळ्यांनी ‘मराठी बौदी’ म्हणायला सुरुवात केली. बौदी म्हणजे वहिनी. माझं खरं नाव त्यातल्या निम्म्यांना आजही ठाऊक नसेल.

या क्लबाची दर हिवाळ्यात एक ठरलेली सहल असते. पुरुलियातला एक डोंगर आहे, लाल मातीचा, सालाच्या झाडांचा, माथ्यावर हत्तीच्या पाठींसारखे गोल काळे खडक असलेला. नव्या लोकांना घेऊन तिथे जायचं आणि उतरून गावात मुक्काम करायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्याजवळ जो नकाशा होता तो कुणीतरी फार पूर्वी हातानं काढलेला, त्याच्या प्रतीची प्रत, आणि तिचीही प्रत. ओढा कुठला आणि वाट कुठली हे त्यात कळत नव्हतं. उतरताना आम्ही ओढ्यालाच वाट समजलो आणि दगडांवरून उड्या मारत संध्याकाळी भलत्याच गावात जाऊन पोचलो. गावकऱ्यांनी चहा-मुरमुरे दिले, रस्ता दाखवला, सगळे हसले. मी मात्र त्या हसण्याच्या भरात बोलून गेले, “एवढं काय, मी कॉम्प्युटरवर नीट नकाशा करून देते.”

क्लबाचे सचिव निवृत्त इंजिनिअर आहेत. ते लगेच म्हणाले, “बौदींनी सांगितलं म्हणजे झालंच.” झालं! आता मागे फिरायची सोय नव्हती.

खरं तर मी पाण्याच्या पाइपलाइनींची ड्रॉइंगं केलेली बाई. समोच्च रेषा मला नव्या नव्हत्या. एकाच उंचीवरच्या जागा जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा, हे तर आपण शाळेच्या भूगोलातच शिकतो. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. पण ऑफिसात त्या रेषा सर्व्हेवाले आयत्या आणून देत. इथे मलाच त्या काढायच्या होत्या. नकाशे करायचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मी लॅपटॉपवर उतरवून घेतलं. उपग्रहानं मोजलेल्या उंच्यांची फाइलही फुकट मिळते. ती उघडली तर समोर नुसतं करड्या रंगाचं धुकं. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे जमिनीचा एक चौकोन, साधारण एका मोठ्या बंगल्याच्या आवाराएवढा. उंच चौकोन पांढुरके, सखल चौकोन काळपट. त्या धुक्यातून डोंगर बाहेर काढायचा होता.

सॉफ्टवेअरनं विचारलं, रेषा किती किती मीटरवर हव्यात? मी वीस लिहिलं. डोंगराभोवती मोजकी कडी उमटली, लहान मुलानं काढलेल्या कांद्यासारखी. मग हावरटपणानं पाच लिहिलं, तर सगळा पडदा वेड्यावाकड्या रेषांनी भरून गेला. नवरा ऑफिसातून येऊन मागे उभा होता.

“ही कुणाच्या हातावरची मेंदी?” त्यानं विचारलं.

“डोंगर आहे तो.”

“मला तर जिलबी दिसतेय,” असं म्हणून तो हातपाय धुवायला गेला.

चूक त्याची नव्हती. उपग्रहाला वरून जमीन दिसत नाही, झाडांचे शेंडे दिसतात. जिथे सालाचं रान दाट तिथे माझ्या नकाशात नसलेल्या टेकड्या उगवल्या होत्या. मग मी दहा मीटरवर आले, आधी सगळ्या उंच्या थोड्या गुळगुळीत करून घेतल्या, आणि रेषा सावरल्या. क्लबातल्या लोकांच्या फोनमध्ये चालताना नोंदलेल्या वाटा होत्या, त्या मागवल्या. एकाच पायवाटेच्या सहा जणांच्या सहा वाटा! खडकांपाशी तर फोन इतके गोंधळले होते, की एक जण कड्यावरून हवेत चालत गेल्यासारखा दिसत होता. त्या सगळ्यांच्या मधून मी हातानं एक रेघ ओढली. ओढे एका जुन्या सरकारी नकाशाच्या स्कॅनवरून घेतले. तो स्कॅन आजच्या जागेवर नेमका बसवायला देवळाचा चौक, रस्त्याचा फाटा, तळ्याचा कोपरा अशा खुणा शोधून जोडाव्या लागल्या. शेवटी सॉफ्टवेअरला सांगून वायव्येकडून खोटं ऊन पाडलं, उतारांवर सावल्या उमटल्या, आणि एकदम तो डोंगर कागदावरून उठून बसला. मी एकटीच टाळी वाजवली. आतल्या खोलीतून मुलगी म्हणाली, “आई, की होलो?” कॉलेजला जाणारी माझी लेक आनंदात आणि घाईत बंगालीच बोलते.

“डोंगर झाला,” मी म्हणाले.

तिनं गावांची नावं बंगाली लिपीत टाइप करून दिली आणि मी पहिल्या प्रती छापून आणल्या.

शनिवारी क्लबात त्या प्रती हातोहात फिरल्या. सगळे वाकून वाकून बघत होते, इथे आपण चुकलो, इथे चहा प्यायलो, असं बोट ठेवून सांगत होते. दाराजवळच्या वेताच्या खुर्चीवर नेहमीप्रमाणे दीदी बसल्या होत्या. सगळा क्लब त्यांना दीदी म्हणतो. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, आणि पूर्वी पुरुलियाच्या सगळ्या सहली त्यांनीच नेल्या होत्या. मग काचबिंदूनं हळूहळू त्यांची दृष्टी गेली. मी क्लबात आले तोवर त्यांना फक्त खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळत असे. तरी एक शनिवार चुकवत नसत. धाकटी बहीण त्यांना सोडायला येई आणि न्यायला येई.

कुणीतरी सवयीनं त्यांच्याही हातात एक प्रत दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि पंजा पसरून सगळ्या कागदावरून एकदा फिरवला. ज्यानं कागद दिला तो खालीच बघायला लागला.

“छान गुळगुळीत कागद आहे,” दीदी हसून म्हणाल्या. “पण बौदी, यात डोंगर कुठे आहे गं? माझ्या हाताला काहीच लागत नाही.”

सगळे हसले, मीही हसले. पण मेट्रोतून घरी येताना माझ्या डोळ्यांपुढून तो फिरणारा पंजा जाईना. आणि मग एकदम वाटलं, अरे, रेषा तर माझ्याकडे आहेतच. प्रत्येक रेषा वेगळी कापली आणि एकीवर एक रचली तर?

दुसऱ्याच दिवशी बसले. प्रत्येक उंचीची रेषा वेगळ्या पानावर छापायची, त्या आकाराचा पुठ्ठा कापायचा, आणि मोठ्यावर लहान असे थर लावत जायचं. ऐकायला सोपं आहे. पण हिशेब केला तेव्हा कळलं, की खऱ्या प्रमाणात केला तर एवढा मोठा डोंगर टेबलावर पुरणपोळीएवढाच जाड होईल. बोटांना चढ म्हणून काही जाणवणारच नाही. म्हणून उंची दुपटीहून जास्त वाढवायचं ठरवलं. त्यासाठी पुठ्ठाही तसा जाड हवा होता. नवरा ऑफिसात खरेदी विभागात आहे. त्याला माझ्या नकाशांत रस नव्हता, पण ‘कुठला पुठ्ठा आणू?’ हा प्रश्न त्याच्या प्रांतातला होता. रविवारी सकाळी तो मला सियालदहजवळच्या कागदाच्या घाऊक बाजारात घेऊन गेला. दुकानातून दुकानात फिरत पुठ्ठे वाकवून, नखानं खरवडून, वास घेऊन बघत राहिला. शेवटी करडे, टणक पुठ्ठे निवडले. स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या लोंढ्यातून तो गठ्ठा डोक्यावर धरून चालताना मी त्याचा फोटो काढला, तेव्हा म्हणाला, “ऑफिसात दाखवलास तर बघ.”

कापायला मी सुरुवात केली आणि तिसऱ्याच थराला माझं बोट दुखायला लागलं. कडा फाटक्या येत होत्या. तो थोडा वेळ बघत बसला, मग म्हणाला, “सरक.” त्यानं कटरचं पातं बदललं, खाली जुनी काच घेतली, आणि अशी सुबक वळणं घेतली की मी बघतच राहिले. पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस असं काही कापू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नसावं. मग रोज ऑफिसातून आल्यावर चहा होईस्तोवर एक-दोन थर, असा नेमच झाला. डायनिंग टेबल डोंगरानं व्यापलं आणि आम्ही सोफ्यावर ताटं घेऊन जेवायला लागलो.

थर चिकटवून झाले, वाट म्हणून मी सुतळी लावली, आणि डोळे मिटून बोटं फिरवली. काही कळेना. सुतळी कुठली आणि पुठ्ठ्याची कड कुठली, दोन्ही सारखीच टोचत होती.

“आई, वाट लोकरीची कर ना,” मुलगी म्हणाली. “लोकर किती नरम... म्हणजे मऊ लागते. आणि पाणी सॅटिनच्या रिबिनीचं कर, ते थंड लागतं.”

तिचं बरोबर होतं. वाट लोकरीची झाली, ओढा रिबिनीचा. कड्याच्या जागी पॉलिश पेपर चिकटवला, झऱ्याला मणी, आणि विसाव्याच्या जागांना नवऱ्याच्या जुन्या शर्टाची बटणं.

दीदींच्या घरी तो डोंगर आम्ही चादरीत गुंडाळून टॅक्सीनं नेला. बालीगंजमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोघी बहिणी राहतात. धाकटी फार शिस्तीची. औषधांच्या वेळा, दाराच्या कड्या, दुधाची पातेली, सगळं तिच्याकडे. तिनं पलंगावर जागा करून दिली. मी दीदींचे दोन्ही हात धरून पायथ्याच्या गावावर ठेवले आणि म्हणाले, “हा घ्या डोंगर.”

त्यांची बोटं लोकरीवरून निघाली. हळूच, एकेक थर चढत. “हे गाव... ही शेतं सपाट... हां, इथे चढ सुरू.” थर जवळ यायला लागले तशा त्या खुदकन हसल्या. “इथे दम लागतो! इथे सगळे बूट बांधायचं निमित्त काढून थांबतात.” पहिलं बटण, दुसरं बटण. पॉलिश पेपरवर बोट जाताच त्यांनी ते चटकन मागे घेतलं. नवरा दाराशी उभा होता. त्याच्याकडे बघून धाकटी बहीण म्हणाली, “बसा ना,” तेव्हा कुठे तो बसला.

माथ्याजवळ दीदींची बोटं थांबली. पुढे गेली, मागे आली.

“खिंड कुठे आहे?”

“कुठली खिंड, दीदी?”

“दोन मोठे खडक. मधून एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढीच जागा. पलीकडे गेलं की खालचा सगळा मुलूख दिसतो. मी दर वेळी तिथे बसून संत्री खायचे.”

“माझ्या आकड्यांत तशी खिंड नाही.”

“तुझे आकडे चढून आले होते का वर?”

मग मी त्यांना चौकोनांची गोष्ट सांगितली. उपग्रह एका चौकोनाला एकच उंची देतो, आतलं बारीकसारीक त्याला दिसत नाही. भूगोल शिकवलेल्या बाईंना ते एका वाक्यात कळलं. “म्हणजे तुझा चौकोन माझ्या खिंडीपेक्षा मोठा आहे. बरं. पण झरा तरी कुठे लावलायस? तो दुसऱ्या विसाव्याच्या वर आहे. तू खाली लावलास.”

“नाही दीदी, झरा खालीच आहे. मी स्वतः पाणी भरलंय तिथे.”

“मी तर किती वर्षं भरलंय!” त्यांनी मांडीवर हात आपटला. “म्हणजे आपल्यापैकी एक जण चुकतेय. चल, जाऊन बघू.”

धाकटी बहीण संदेश मिठाईची बशी घेऊन येत होती, ती तिथेच थांबली.

“कुठे जाऊन बघू?”

“पुरुलियाला.”

“डोकं फिरलंय का तुझं? बाथरूमला जाताना भिंत धरतेस तू!”

“बाथरूमचा असा नकाशा मला कुणी करून दिलेला नाही,” दीदी म्हणाल्या.

बहिणीनं बशी टेबलावर ठेवली. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. मग तिचं लक्ष दीदींच्या हातांकडे गेलं. ते हात अजून डोंगरावरच होते. ती मला म्हणाली, “असं असेल तर मीही येणार. ही पडली तर मला ते फोनवरून कळायला नको.”

सचिवांना पटवणं त्याहून कठीण गेलं. जबाबदारी कुणाची, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मी घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये उताराचा नकाशा केला. चढ जितका उभा तितका रंग लाल. आमच्या नेहमीच्या वाटेचा मधला तुकडा लालभडक निघाला. पण पूर्वेकडच्या खांद्यावरून, लांबचा फेरा घेऊन, पिवळ्या रंगातच राहणारी आणि दोन्ही विसाव्यांपाशी जुन्या वाटेला मिळणारी एक वाट सापडली. गुराखी ती वापरतात, असं एकानं फोनच्या नोंदीत लिहून ठेवलं होतं. इंजिनिअर माणूस, रंग दाखवल्यावर सचिव नरमले. दुपार झाली की असू तिथून परत फिरायचं, एवढी अट घालून ते तयार झाले. नवी वाट मी दीदींच्या डोंगरावर लोकरीनं चिकटवून दिली. त्यानंतर त्या रोज इमारतीचे जिने चढत-उतरत होत्या आणि दुपारी रेडिओ लावून डोंगरावर हात ठेवून पडत होत्या. बहिणीनं गडियाहाटच्या बाजारातून स्वतःसाठी बूट आणले, आयुष्यातले पहिले.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही हावड्याहून गाडी पकडली, गावात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी चढायला लागलो. पुढे सचिव, त्यांच्या सॅकचा पट्टा धरून दीदी, मागे फोनवर नकाशा उघडून मी, आणि माझ्यामागे धाकटी बहीण, जिनं पहिल्याच चढणीवर डोंगराला नावं ठेवायला सुरुवात केली. बाकीचे मागून. मी सारखी सूचना देत होते, दगड आहे, फांदी आहे. थोड्या वेळानं दीदी म्हणाल्या, “दगड सांग. वळणं सांगू नकोस, ती मला पाठ आहेत.” आणि खरंच त्या आधीच सांगायच्या, “आता उजवीकडे... आता थोडी सपाटी... आता पहिलं बटण.” मागची मंडळी हसायची. दुसऱ्या विसाव्यापर्यंत सगळा क्लबच विसाव्याला बटण म्हणायला लागला होता.

दुसऱ्या बटणाच्या वर दीदींच्या सांगण्याप्रमाणे झरा शोधला. खडक होता, शेवाळ्याचे कोरडे डागही होते, पण पाणी नव्हतं. मग थोडं खाली, माझ्या मण्याच्या जागी गेलो. तिथे खडकातून बारीक धार येत होती. दीदींनी दोन्ही हात तिच्याखाली धरले, तोंड धुतलं, आणि म्हणाल्या, “बरं. पाणी तुझं.”

“कदाचित पूर्वी वर असेल,” मी म्हणाले. वरचे ते डाग बघून मला खरंच तसं वाटत होतं.

“असेल. पण आज तुझं.”

माथ्यावर आलो. खिंड मात्र सापडेना. दीदी ज्या बाजूला सांगत होत्या तिथे घाणेरीचं रान माजलं होतं, आणि खडक तर चोहीकडे सारखेच. आम्ही पांगून शोधलं. सचिव दोनदा घड्याळात बघून गेले. दीदी एका दगडावर बसून होत्या, काठी गुडघ्यांमध्ये धरून. कुठलेही दोन खडक दाखवून ‘हीच ती’ म्हणावं, असं एक क्षण माझ्या मनात आलं. पण त्यांच्या हातांना ते कळलं असतं.

तेवढ्यात खालच्या बाजूनं धाकट्या बहिणीची हाक आली. ती आमच्याबरोबर शोधत नव्हती. गुडघे दुखतात म्हणून थोडं खाली घाणेरीच्या आडोशाला बसली होती.

“अगं, माझी शाल कुणाच्या पिशवीत आहे? इथे कुठून एवढा गार वारा येतोय?”

सचिवांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. आडोशाला वारा? आम्ही धावलोच. तिच्या पाठीमागची घाणेरी काठीनं बाजूला केली, तर मागे दोन काळे खडक, आणि मध्ये उजेडाची एक उभी फट.

फांद्या तोडून वाट करायला थोडा वेळ लागला. दीदींना आणलं. त्यांनी दोन्ही तळवे दोन्ही खडकांवर टेकले, वरपासून खालपर्यंत फिरवले, आणि कुणालाही न विचारता अंग तिरकं करून आत शिरल्या. पलीकडून त्यांचा आवाज आला, “संत्री आणा!”

पलीकडे सपाट कातळ होता. आम्ही सगळे तिथे दाटीवाटीनं बसलो. पिशवीतली दार्जिलिंगची संत्री फिरली. थोड्या वेळानं दीदी बहिणीला म्हणाल्या, “काय दिसतं सांग.”

“काय दिसणार? रान आहे,” बहीण म्हणाली. मग शाल सारखी करत नीट बघायला लागली. “एक तळं आहे. लांबट, आपल्या पडवळासारखं. पलीकडे रस्ता, त्यावर एक बस... थांबली. पुन्हा निघाली. अगदी खाली एक घर आहे, त्याच्या छपरावर लाल साडी वाळत घातलीय. एवढी मोठी कशी दिसते कोण जाणे. आणि दीदी, तू मला कधी सांगितलं नाहीस गं, की इथून एवढं दिसतं.”

“सांगितलं होतं,” दीदी म्हणाल्या. “तू तेव्हा दूध तापवत होतीस.”

दोघी हसायला लागल्या, आणि मग थांबेनातच. मी फोनवर त्या जागेचा बिंदू घेतला. दीदी सांगत होत्या त्यापेक्षा खिंड बरीच खाली निघाली होती. ते मी त्यांना सांगितलं, तेव्हा संत्र्याची साल माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “म्हणजे एक चूक तुझी, दीड माझी.”

उतरताना त्यांचा पाय एकदा घसरला, गुडघा थोडा खरचटला. बहिणीनं पदरानं माती पुसली आणि आश्चर्य म्हणजे एक शब्दही बोलली नाही. गाडीत दोघी एकमेकींवर डोकं टेकवून हावड्यापर्यंत झोपल्या.

घरी आल्यावर मी नकाशा पुन्हा उघडला. समोच्च रेषांतून ती खिंड कधीच येणार नाही, म्हणून तिथे हातानं एक खूण काढली. नाव काय द्यायचं यावर क्लबात बरीच चर्चा झाली. दीदींचं नाव द्यावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं, ते त्यांनी उडवून लावलं. “शोधली कुणी? जिला थंडी वाजली तिनं.” म्हणून नकाशात ती शालीची खिंड झाली. बंगालीत साल वृक्षालाही शालच म्हणतात, त्यामुळे नव्या लोकांना वाटतं की ते नाव झाडांवरून पडलंय. धाकटी बहीण जवळ असेल तर त्यांची सुटका नसते. सगळी हकिगत ऐकावी लागते. आता ती प्रत्येक सहलीला येते, तोंडानं कुरकुरत आणि पायांनी पुढे.

पुठ्ठ्याचा डोंगर नवऱ्यानं बालीगंजला जाऊन दुरुस्त केला. कटरनं माथ्याखाली एक बारीक खाच पाडली, दीदींचं बोट धरून तिच्यात फिरवलं आणि विचारलं, “एवढी बरोबर?”

“थोडी अजून अरुंद,” त्या म्हणाल्या. मग त्यानं पुठ्ठ्याचा एक तुकडा आत बसवला.

सध्या आमच्या टेबलावर दार्जिलिंगकडचा एक डोंगर आहे. दीदी तरुणपणी तिथे गेल्या होत्या आणि त्यांना वाट पुन्हा हातानं बघायची आहे. जायचं की नाही ते नंतर ठरेल. या डोंगराच्या उंचीपुढे पुरुलियाचा डोंगर पोर आहे. थर इतके आहेत, की मी वीस मीटरऐवजी चाळीसवर जाऊ या का असं विचारलं, तर नवऱ्यानं मान वर न करता सांगितलं, “वीसच ठेव. चाळीसला वळणं मरतात.” मुलगी ताटं घेऊन आली आणि आम्ही सोफ्यावर सरकून बसलो. पिठलं गरम होतं. त्यानं कटर मिटवला, बोटांवरचा पुठ्ठ्याचा भुसा झटकला आणि भाताला हात घातला.